आतेसासूबाईंचा दुसरा गिअर

माझ्या आतेसासूबाई ज्याच्यावर अजून रागावल्या नाहीत, असा माणूस प्रताप नगरात राहायला आलेला नाही. माणसांचं सोडाच, त्या निर्जीव वस्तूंनाही सोडत नाहीत. गल्लीच्या तोंडाशी असलेला विजेचा खांब किंचित कलला आहे, तर येता-जाता त्याच्याकडे अशा बघतात की जरा हळव्या स्वभावाचा खांब असता तर केव्हाच सरळ झाला असता. समोरच्यांची गाडी मागे जाताना गाणं वाजवते म्हणून त्या गाडीवर राग. डाळिंब आतून पांढरं निघालं म्हणून डाळिंबावर राग, आणि ते विकणाऱ्यावर वेगळा. टीव्हीवरच्या हवामानाच्या बातम्या तर त्या केवळ भांडण्यासाठी लावतात. "अंशतः ढगाळ म्हणजे किती ढगाळ? मापात सांग ना गा!" असं त्या पडद्यावरच्या कोट घातलेल्या माणसाला खडसावतात, आणि तो उत्तर न देता पुढच्या जिल्ह्याकडे वळला की माझ्याकडे बघून म्हणतात, "पाह्यलं? पळाला."

माझ्या नवऱ्याची ही एकुलती एक आत्या. वय एकाहत्तर, उंची पाच फुटांना दोन बोटं कमी, आवाज मात्र सहा फुटी माणसाचा. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारणारे नातेवाईक पूर्वी होते म्हणतात. दर पौर्णिमेला विहारात जातात, डोळे मिटून शांत बसतात आणि बाहेर आल्याबरोबर चपलांच्या रांगेत कुणी कुणाच्या चपलेवर चप्पल ठेवली याचा तपास सुरू करतात. त्यांच्या रागाला दोन पायऱ्या आहेत, हे मला सून होऊन आल्यावर वर्षभराने कळलं. साधा राग त्या नागपुरीत रागावतात. तो ऐकायला बरा असतो, त्यात आपलेपणा असतो. पण राग खरोखर डोक्यात गेला की त्या एकदम सरकारी मराठीत शिरतात. गॅसची टाकी आणणाऱ्या माणसाने एकदा घंटी सलग चार वेळा वाजवली, तेव्हा त्या दार उघडून शांतपणे म्हणाल्या, "आपण यापुढे घंटी वाजवल्यानंतर किमान एक मिनिट प्रतीक्षा करावी, ही विनंती." तो माणूस टाकी ठेवून जिना उतरला तो उलटा, तोंड त्यांच्याकडे ठेवूनच.

मी मूळची नाशिकची, कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. म्हणून त्या मला मास्तरीणबाई म्हणतात, आणि त्यात आदर किती आणि टोमणा किती हे मला आजतागायत मोजता आलेलं नाही. आमची पहिली भेट साखरपुड्यात झाली. पाहुण्या बायका माझा चेहरा बघत होत्या, माझे दागिने बघत होत्या. या बाईंनी फक्त ब्लाउज पाहिला. खांद्यापासून कमरेपर्यंत नजर फिरवली, बाहीची शिवण दोन बोटांत धरून उलटी केली आणि भर मंडळींत विचारलं, "हे कोण्या गाढवानं शिवलं वं?" मला इतका संताप आला की त्या घरात लग्नच करू नये असं वाटलं. संध्याकाळी त्यांनी तो ब्लाउज मागून नेला. दुसऱ्या दिवशी सकाळी एका पिशवीत परत आला. सगळा उसवून पुन्हा शिवलेला. बरोबर चिठ्ठी नाही, निरोप नाही. तसा अंगात बसणारा ब्लाउज मी त्याआधी कधी घातला नव्हता, त्यानंतरही त्यांनी शिवल्याखेरीज कधी घातला नाही. त्या रागाचं मी काय करायचं हे मला तेव्हापासून सुचलेलं नाही.

शिवण हा त्यांचा धंदाच. तालुक्याच्या एका प्रशिक्षण संस्थेत त्या तीस वर्षं मुलींना शिवणकाम शिकवत. त्यांच्या वर्गाच्या भिंतीला भिंत लागून मोटार मेकॅनिकचा वर्ग. एके दिवशी मधल्या सुट्टीत त्या तिथे उघडं पडलेलं इंजिन पाहायला गेल्या, तर तिथले सर हसून म्हणाले, "मॅडम, इकडे नका येऊ, साडीला डाग पडेल." बस्स. त्या सरांना बिचाऱ्यांना वाटलं असेल की आपण सौजन्य दाखवलं. आतेसासूबाई पुढची सहा वर्षं रोज मधल्या सुट्टीत डबा हातात घेऊन त्या वर्गाच्या खिडकीत उभं राहून जेवल्या, आणि जे जे आत शिकवलं गेलं ते ते पोळीबरोबर गिळलं. निव्वळ रागावर एवढं शिक्षण घेतलेली दुसरी व्यक्ती मला माहीत नाही. पुढे त्यांनी स्वतःची छोटी पांढरी गाडी घेतली आणि तिचं इंजिन ऑईल, ब्रेक, प्लग, पट्टा, सगळं घरच्या अंगणात स्वतः करू लागल्या. त्यांचे पाने एका कापडी गुंडाळीत असतात. प्रत्येक पान्याला खण शिवलेला, आणि प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा दोरा. सतराचा लाल, एकोणीसचा हिरवा. "आकडे वाचत बसले तं काम कधी होते?" गाडीखाली शिरायचा त्यांचा पोशाख म्हणजे माझ्या सासऱ्यांची जुनी पँट, स्वतःच्या मापाने आवळलेली, गुडघ्यावर दुहेरी ठिगळ लावलेली. ते ठिगळही असं की एखाद्याने मुद्दाम नक्षी केली असं वाटावं.

दर दुसऱ्या गुरुवारी त्या ही गाडी घेऊन सावनेरला जातात. तिथे त्यांच्या जुन्या विद्यार्थिनींनी शाळेचे गणवेश शिवायचं केंद्र काढलं आहे. आता त्या बायकांच्याही मुली त्यात बसतात. आतेसासूबाई तिथे पोचल्या की शर्टांचा गठ्ठा पुढ्यात ओढतात आणि पाच तास रागावतात. "काखेत टाके असे काहून? पोट्टं हात वर करणार नाही का?" त्या बायका खाली मान घालून ऐकतात, मग जेवायला वाढतात, आणि तो गुरुवार चुकला तर शुक्रवारी सकाळी फोन करतात, "मॅडम, आल्या नाही तुम्ही?" रागवायला बोलावणं येणारी एवढी एकच बाई मी पाहिली आहे.

गेल्या डिसेंबरात या गाडीचा दुसरा गिअर करकरू लागला. पहिल्यातून दुसरा टाकताना दात खाल्ल्यासारखा आवाज यायचा. आतेसासूबाई आधी गाडीवर रागावल्या, मग रस्त्यावर, आणि शेवटी, माझ्या नवऱ्याच्या फार आग्रहाने, एका वर्कशॉपमध्ये गाडी दाखवायला तयार झाल्या. आम्ही तिघं गेलो. चालवत त्याच होत्या. फाटकातून आत वळताना दुसरा टाकला, करकर झाली, आणि तिथल्या सुपरवायझरने लांबूनच मान हलवली. गाडीत तो बसलासुद्धा नाही. सरळ माझ्या नवऱ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, गिअरबॉक्स गेला आहे. उतरवावा लागेल. गाडीही जुनी आहे, विचार करा."

"तेल बदललं तं?" आतेसासूबाईंनी विचारलं.

"सर, यातलं तेल बदलायची गरज नसते," तो नवऱ्याला म्हणाला.

"गरज नसते असं कोण म्हणते?"

"सर, कंपनीच म्हणते. आणि मॅडमचं वय पाहता..."

मी डोळे मिटून घेतले. "महोदय," मला ऐकू आलं, "वाहन माझ्या नावे आहे. प्रश्न मी विचारलेला आहे. आपण उत्तर मात्र या गृहस्थांना देत आहात. हे गृहस्थ ऑटोमॅटिक गाडी चालवतात. यांना गिअर म्हणजे काय हे सांगण्यात आपला आणि यांचा, दोघांचाही वेळ जात आहे." सुपरवायझरने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने बुटांकडे पाहिलं. मला एकाच वेळी तिघांचाही राग आला होता: न बसता निदान करणाऱ्या त्या माणसाचा, गप्प राहिलेल्या नवऱ्याचा, आणि चारचौघांत त्याची सालटी काढणाऱ्या आत्यांचा.

 घरी आल्यावर नवऱ्याने तोंड उघडलं. तो बुटीबोरीला एका कारखान्यात यंत्र विभागात इंजिनिअर आहे, दिवसभर दोनशे माणसांना हुकूम सोडतो, आणि आत्याच्या पुढे उभा राहिला की त्याचा आवाज सातवीतल्या मुलासारखा होतो. पण त्या दिवशी तोही चिडला होता. "आत्या, खूप झालं आता. गाडी विकून टाकू. सावनेरला जायचं असलं तं टॅक्सी करून देईन मी. तुले या वयात हायवेवर गाडी चालवायची काही गरज नाही."

"गरज नाही," त्या म्हणाल्या. "तेल बदलायची गरज नाही, गाडी चालवायची गरज नाही. कोणाची कोणाले गरज आहे तेवढं सांग."

"गिअरबॉक्स गेला म्हणते तो."

"तो बसला का गाडीत? तेल दहा वर्षं झाले तसंच आहे. मीच मूर्ख, मी या कंपनीवाल्यांचं ऐकलं." मग त्या थांबल्या. चाबी टेबलावर ठेवली. "रविवारी मी तेल बदलते. तेल बदलून दुसरा बसला, तं तू या विषयावर पुन्हा तोंड उघडायचं नाही. नाही बसला, तं ही चाबी घेऊन जाय. मी एक शब्द बोलणार नाही."

नवरा लगेच "ठीक आहे" म्हणाला. खरं सांगायचं तर मनातून मीही त्याच्याच बाजूची होते. एकाहत्तर वर्षांची बाई, ट्रकांनी भरलेला रस्ता. गुरुवारी संध्याकाळी त्या घरी पोचल्याचा फोन येईपर्यंत माझं वर्गात लक्ष नसायचं. त्यामुळे रविवारी सकाळी त्यांनी मला मदतीला बोलावलं तेव्हा मी गेले ती जरा चोरासारखीच.

अंगणात सगळं मांडून ठेवलेलं होतं. जुनी चादर, तिच्यावर पाने, घमेलं, नरसाळं, लांब नळी, नवे वॉशर. आधी त्यांनी गाडी गल्लीच्या टोकापर्यंत चार वेळा फिरवून आणली, आतलं तेल कोमट होऊन पातळ व्हावं म्हणून. मग चारही बाजूंनी जॅकने गाडी उचलून लोखंडी स्टँडवर ठेवली, आणि स्वतः खाली शिरायच्या आधी तिला कमरेने तीनदा जोरात धक्का मारला. "हलायचं असलं तं आता हाल. मी खाली गेल्यावर नको." पाण्याने अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवून गाडी सपाट आहे की नाही ते पाहिलं. एवढं झाल्यावर मला समोर उभं करून धडा दिला. "गिअरबॉक्सले दोन बोल्ट असते. वरच्यातून तेल भरायचं, खालच्यातून काढायचं. पहिले कोणता खोलायचा?"

"खालचा?" मी म्हणाले. तेल काढायचं तर खालचाच, नाही का.

"शाब्बास! अन् खालून सारं तेल सांडून गेल्यावर वरचा बोल्ट खुललाच नाही तं? भरशील कुठून? नाकातून? गाडी बसली मग इथंच. मास्तरीणबाई, पहिले वरचा. वरचा खुलते हे पाहायचं, मगच खालच्याले हात लावायचा. सांग पाहू पुन्हा." मी पन्नाशीला आलेली बाई, भर अंगणात तो नियम दोनदा म्हटला. त्याशिवाय त्यांनी पुढे हलू दिलं नाही.

आणि वरचा बोल्ट खरोखरच खुलेना. त्या खाली आडव्या होऊन जोर लावत होत्या, मी टॉर्च धरून बसले होते. त्या बोल्टशी त्यांचं जे बोलणं झालं ते मी लिहू शकत नाही. पंधरा मिनिटं गेली. माझा नवरा व्हरांड्यात खुर्ची टाकून बसला होता. तो म्हणाला, "आत्या, मेकॅनिकले बोलावू का?" खालून पाना खडखडला. पुन्हा पाच मिनिटांनी म्हणाला, "आत्या, बोल्टाचे कोपरे मोडतील तुझ्यानं." गाडीखालून शांत आवाज आला, "आपली सूचना नोंदवून घेतली आहे."

हे ऐकून त्याचं डोकं फिरलं. तो उठून उभाच राहिला. "मस्करी करून राहिली का तू? खाली दबली-बिबली म्हणजे? तुले काही झालं तं धावायचं कोणाले आहे? मलेच ना? तुह्या हट्टापायी आम्ही जन्मभर जीव मुठीत धरून बसायचं का?"

त्या खालून बाहेर सरकल्या. गालावर काळा डाग, केसांत माती. उठून बसल्या आणि त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "तुह्या मायले दवाखान्यात नेलं तवा कोण धावलं? तू तवा पुण्याले होता. हीच गाडी होती, अन् हाच हट्ट होता."

 समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबली. नवरा लाल झाला आणि फाटक आपटून बाहेर चालता झाला. मला वाटलं आत्यांना आता थोडं तरी वाईट वाटेल. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "इथं काय पाहून राहिली? तो लोखंडी पाईप आण."

मला त्यांचा इतका राग आला होता की मी पाईप आणला तो जमिनीवर आपटूनच ठेवला. त्यांनी तो पान्याच्या दांड्यात घातला, म्हणजे दांडा हातभर लांब झाला. "धर इकडून. रागात आहे ना तू? चांगलं आहे. लाव सारा राग." आम्ही दोघींनी मिळून त्या पाईपवर अंग टाकलं. मी नवऱ्यावरचा, त्यांच्यावरचा, त्या सुपरवायझरवरचा, सगळा राग त्यात घातला. कट्ट असा आवाज झाला आणि बोल्ट फिरला. दोघीही घामाने निथळत होतो, डिसेंबरात. त्या हसल्या नाहीत, पण पान्याला म्हणाल्या, "हं."

पुढचं सोपं होतं. खालचा बोल्ट निघाला, आणि घमेल्यात तेल पडलं ते काळं, दाट, जळकट वासाचं. "पाह्य! याले म्हणते गरज नसते!" त्या बोल्टच्या टोकाला लोहचुंबक असतं, त्यावर राखाडी चिखल जमला होता. तो त्यांनी दोन बोटांत चोळून पाहिला, कापडाचा पोत बघतात तसा. "काजळ आहे. तुकडे नाही. गिअरचे दात साबूत आहे वं." खालचा बोल्ट नवा वॉशर घालून परत आवळला. नवीन तेल डब्यासकट गरम पाण्याच्या बादलीत ठेवून पातळ केलं होतं. मी वरून नरसाळ्यात ओतत होते, त्या खालून बघत होत्या. भरण्याच्या भोकातून तेल परत ओघळायला लागलं की पुरे, एवढं साधं माप. "बस्स! बस्स म्हटलं ना! ऐकू येत नाही का?" मी हात वर घेईपर्यंत पेलाभर त्यांच्या बाहीवर सांडलं. जुनं तेल डब्यात भरून, झाकण लावून, गॅरेजवाल्याला द्यायला बाजूला ठेवलं. गटारात ओतू या असं मी नुसतं सुचवलं त्याबद्दल आणखी एक बोलणं खाल्लं.

अकरा वाजता आम्ही दोघी गाडीत बसलो. त्यांनी पहिला टाकला. गाडी गल्लीतून बाहेर आली. दुसरा टाकला.

करकर.

त्यांनी ओठ आवळले. "नवीन तेल आहे, पोचायले वेळ लागते." मोठ्या रस्त्याला लागलो, पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा. करकर. मैदानाला वळसा घालताना तिसऱ्यांदा. तोच आवाज. मी त्यांच्या तोंडाकडे पाहू शकत नव्हते म्हणून खाली पाहिलं, आणि तेव्हा मला दिसलं. क्लचवर ठेवलेला त्यांचा डावा पाय अर्ध्यावर थांबत होता. त्या दाबत होत्या, अगदी दातओठ खाऊन दाबत होत्या, पण गुडघा त्याच्या पुढे जात नव्हता. क्लच पुरता दाबला जाण्याआधीच हात गिअर टाकत होता.

 त्यांनी गाडी मैदानाच्या कडेला घेतली. "तू चालव," म्हणाल्या.

याच गाडीवर त्यांनी मला गाडी शिकवली होती, मोजून एकवीस दिवस, एकवीसही दिवस रडवून. तरी पुष्कळ वर्षांत मी तिच्या स्टिअरिंगवर बसले नव्हते. पहिला टाकला, निघाले, क्लच दाबला, दुसरा टाकला. सुईत दोरा एका झटक्यात जावा तसा तो बसला. आवाज नाही, काही नाही.

"पुन्हा टाक," त्या म्हणाल्या.

पुन्हा बसला.

"पुन्हा."

मैदानाला आम्ही सात फेऱ्या मारल्या. त्या दर वेळी "पुन्हा" म्हणत, दर वेळी हळू आवाजात. मला मनापासून वाटत होतं की एकदा तरी, एकदा तरी तो मेला गिअर करकरावा. सातव्या फेरीनंतर दोन्ही हात त्या ठिगळ लावलेल्या गुडघ्यावर ठेवून बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "तेल भलत्याच जागी टाकलं वं आपण."

मी गाडी घराकडे वळवली. 

परत आलो तर नवरा फाटकाशी उभा होता. कुठे तरी फिरून चहा पिऊन, मन शांत करून आला असावा. मी स्टिअरिंगवर आहे हे त्याच्या लक्षातही आलं नाही. "बसला का?" त्याने विचारलं.

"बसला," मी म्हणाले. "काही आवाज नाही. अगदी लोण्यासारखा." खोटं नव्हतंच ते. आणि आत्या आता मान वर करून त्याच्याकडे बघतील, दोन शब्द सुनावतील, निदान महोदय म्हणतील, याची मी वाट पाहत होते. त्या उतरल्या. दाराला धरून आधी डावा पाय खाली ठेवला, मग उजवा. चाबी त्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तिच्यानं बसला. माह्यानं नाही बसला. क्लच दबत नाही माह्यानं. घे."

नवऱ्याच्या तोंडावर सुटल्यासारखं काही तरी आलं. लगेच गेलं, पण मी ते पाहिलं. आणि त्या क्षणी मला जो राग आला, तसा राग मला त्याआधी कधी आला नव्हता, त्या ब्लाउजच्या वेळीही नाही. त्यांचा गुडघा, त्याची सुटका, एवढ्या मेहनतीने भरलेलं ते स्वच्छ नवीन तेल, कशाचा नेमका ते सांगता येणार नाही. मी त्याच्या हातातून चाबी ओढून घेतली. "गाडी विकायची नाही," मी ओरडले. समोरच्या गच्चीवरची बाई पुन्हा थांबली. "गिअरबॉक्स चांगला आहे. गाडी मी चालवीन. गुरुवारी मी रजा टाकीन, नाही तर तास बदलून घेईन, तुम्हाला कुणाला त्याची पंचाईत नको!"   आतेसासूबाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "फाटक अर्धं उघडं ठेवून भांडून राहिली. बंद कर पहिले."

दुसऱ्या आठवड्यात नवरा त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेला. झीज आहे म्हणाले, वयाप्रमाणे. नवऱ्याने आईच्या दवाखान्याचा विषय काढला नाही, त्यांनीही नाही. पण त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या चढताना त्याने हात पुढे केला आणि त्यांनी तो धरला, असं तो मला रात्रीच्या जेवणात सांगत होता.  त्याने त्यांना दोनच पेडलची ऑटोमॅटिक गाडी घेऊन द्यायचंही कबूल केलं. त्यांनी त्यावर एवढंच विचारलं, "मग डाव्या पायानं काय करायचं? ताल धरायचा?"

आता दर दुसऱ्या गुरुवारी आम्ही दोघी सावनेरला जातो. जाताना सगळ्या रस्त्यावर रागावणं चालू असतं: ट्रकवाल्यांवर, खड्ड्यांवर, माझ्या वळणांवर, मी आरसा न बघता बघितल्यासारखं करते त्यावर. तिकडे पाच तास गणवेशांवर. परत येताना मात्र त्या दमलेल्या असतात. खापा फाट्याच्या पुढे आलो की बहुधा गप्प होतात. ऊन कलतं, दोन्हीकडे कापूस वेचून झालेली रिकामी शेतं असतात, आणि मला वाटतं त्यांचा डोळा लागला. मग पुढे एखादं गाव येतं, मला गाडी हळू करून खालचा गिअर टाकावा लागतो. मी क्लच दाबते, आणि कडेने पाहते तर शेजारच्या सीटसमोर त्यांचा डावा पाय तिथल्या सपाट पत्र्यावर हळूच दाबला जात असतो. अगदी खालपर्यंत. गिअर बसला की तोही सुटतो.